साचेवाल्याच्या हातची मालिश

हे लिहायच्या आधी मी लेकाला विचारलं. गोष्ट त्याच्या अंगाची, तेव्हा परवानगीही त्याचीच हवी. तो इथेच इंदौरला, विजय नगरच्या ऑफिसात होता, फोनवर म्हणाला, "लिही की. पण नाव नको टाकू, कोणाचंच. आणि आई, शब्द नीट वापर. 'तिथलं', 'खालचं' असं करत बसशील तर कोणाला काही समजणार नाही."

हे त्याने बरं सांगितलं. आमच्या वेळच्या बायकांचा अर्धा जन्म 'तिथलं' आणि 'खालचं' ह्या दोन शब्दांवर निभावला. मी शाळेत सातवीपर्यंत गेले. पुढचं जे काही आलं ते सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून, गल्लीतल्या वाचनालयातून, आणि दिसेल त्याला प्रश्न विचारून. तर शब्द नीट वापरते. वृषण म्हणजे ती गोटी, आणि वृषणकोश म्हणजे ती ज्यात असते ती पिशवी. झालं. आता लाजायचं काम संपलं, पुढचं सांगते.

आम्ही इंदौरच्या एका कापड मिलच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, नळ चार घरांत एक. माझे सासरे फार पूर्वी महाराष्ट्रातून मिलच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून आले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते वारलेले होते. घरात सासूबाई, आमचे हे, मी, आणि एक मुलगी. हे मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांत, कानांच्या केसांत, सगळीकडे सुताचा पांढरा भुगा. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबा म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून तरुण होतात.

मुलीच्या पाठीवर पाच वर्षांनी मुलगा झाला. दोनेक महिन्यांचा असेल. दुपारी ओट्यावर उन्हात घेऊन त्याचा लंगोट बदलत होते, तेव्हा मला दिसलं की पिशवीची डावी बाजू भरलेली आहे आणि उजवी सपाट, रिकामी. मला भाऊ नाही. मुलगे वाढवलेले नाहीत. म्हटलं असेल, असंच असत असेल. पण मनातून जाईना. ह्यांना जेवायला वाढलं आणि विचारलं.

"अहो, दोन असतात ना?"

"काय दोन?"

मी मुलाकडे बोट केलं.

ह्यांनी घास ताटात ठेवला. "लग्नाला किती वर्षं झाली आपल्या?"

"सात होतील."

"आणि हे आज विचारतेस?"

"मग उजेडात कधी पाहिलंय का मी?"

आतल्या खोलीत सासूबाई मोठ्याने खोकल्या. हे ताटाकडे बघून हसत राहिले, मग हात धुतले आणि मुलाजवळ जाऊन बसले. बघितलं, हात लावून बघितलं, आणि हसणं थांबलं.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "एकाने काही अडत नाही. तुझ्या सासऱ्यांना एकाच कानाने ऐकू यायचं, संसार झाला की नाही? फक्त बाहेर बोलू नकोस. उद्या मुलगी द्यायला येतील लोक, त्यांना काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, "आई, त्याला अजून मान धरता येत नाही."

"मान येईल. गेलेली अब्रू येत नाही."

सासूबाईंना मी आयुष्यात फार थोड्या वेळा विचारल्याशिवाय काही केलं असेल. त्यांतली ही एक. डोस पाजायला नेलं तेव्हा तिथल्या नर्सबाईंना हळूच दाखवलं. त्यांनी बघितलं आणि काही आश्चर्य न दाखवता मोठ्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या सर्जनकडे पाठवलं. ते आश्चर्य न दाखवणं मला इतकं बरं वाटलं, की परत येताना वाटेत मी एकटीच हसत होते.

सर्जन उंच, पोक आलेले, बोलायला अगदी इंदौरी. त्यांनी मुलाच्या जांघेत बोटं फिरवली आणि म्हणाले, "है. इधर रस्ते में अटकी है. देखो बेन, ये गोटी मां के पेट में बनती है तो बच्चे के पेट में होती है, ऊपर, किडनी के पास. जनम से पहले धीरे-धीरे उतरकर नीचे आती है. किसी-किसी की रस्ते में रह जाती है. छह-आठ महीने देखते हैं, कई बार खुद उतर आती है."

मी घरी येऊन सांगितलं, आहे. हरवलेली नाही, वाटेत आहे. ह्यांना एवढं ऐकून हायसं वाटलं.

आम्ही वाट बघत होतो तेवढ्यात मिल बंद पडली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग आठवड्याचे दोन दिवस गेले, मग सूत येईना, आणि एक दिवस फाटकावर कागद चिकटला. तेव्हा टीव्हीवर रोज सांगायचे की देश आता मोकळा होतोय, बाहेरचा माल येणार, बाहेरच्या कंपन्या येणार. सियागंजच्या बाजारात तो माल दिसायलाही लागला होता. आमच्या घरात मात्र फरक एवढाच दिसला की ह्यांच्या भुवया काळ्या राहायला लागल्या. सकाळी काळ्या, संध्याकाळी काळ्या. मुलगी म्हणाली, बाबा आता तरुणच राहणार का?

सकाळी डबा न घेता हे फाटकावर जायचे. सगळेच जायचे. समोरच्या लिंबाखाली बसायचे आणि दुपारी बातमी घेऊन परतायचे. कोणी शेठ विकत घेतोय. सरकार चालवणार आहे. आधी साचेखातं सुरू होणार, मग बाकीचं. ह्या बातम्यांत आमचं खातं नेहमी पहिलं सुरू व्हायचं, कारण बातमी आणणारे साचेवालेच असायचे.

मुलाला न्हाऊ-माखू घालायला एक बाई यायची, तिला थांबवावं लागलं. मी घरात पापड लाटायचं काम घेतलं होतं, माझे हात पिठात. सासूबाईंना खाली बसवत नव्हतं. मग एका सकाळी ह्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, ओट्यावर पाय पसरून बसले, पायांवर मुलाला आडवा घेतला आणि म्हणाले, "तेल दे."

त्या काळी पुरुषाने ओट्यावर बसून पोराची मालिश करणं म्हणजे गल्लीला महिनाभराचा विषय. पलीकडचे एक साचेवाले जाता-येता म्हणायचे, "भिया, खातं बदललं वाटतं." ती न्हाऊ घालणारी बाई तर मुद्दाम येऊन समोर उभी राहिली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "मिलवालों ने तुम्हारी रोजी ली, तुमने मेरी ले ली. अब मैं किसके पेट पर लात मारूं, ये बता दो."

हे म्हणाले, "मौसी, आप सिखा दो. गलत कर रहा हूं क्या?"

ती बघता बघता खाली बसली. "घुटने के पीछे से लो. हां. इतना डरो मत, टूटता नहीं है बच्चा." आणि त्या दिवशी चहा पिऊन, ह्यांना सगळं दाखवून गेली. जाताना मला म्हणाली, "हाथ अच्छा है इसका, भाभी. नरम है."

हात चांगलाच होता. चार साचे सांभाळणारा हात. तुटलेला धागा चालत्या मागावर नुसत्या चिमटीने शोधून गाठ मारायची, हे पंधरा वर्षं केलेलं. पण त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

मुलगा आठ महिन्यांचा झाला, गोटी उतरली नाही. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करायला लागेल, लहानसं आहे, पण दोन वर्षांचा व्हायच्या आत करा. मी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी मुलाला उचलून जवळ घेतलं.

"चाकू? तिथे?"

त्यात नुसती बापाची माया नव्हती. आणीबाणीत नसबंदीचा जो धसका मिलच्या वस्त्यांनी घेतला होता तो तोवर गेलेला नव्हता. हे तेव्हा ऐन तरुण, लग्नाआधीचे. सरकारी दवाखाना, त्या जागी चाकू, एवढं एकत्र ऐकलं की आमच्या गल्लीतला पुरुष उठून उभा राहायचा. शिवाय ह्यांनी आपल्या मनाशी एक हिशेब जुळवला होता.

"वाटेत अटकलीय म्हणतात ना? मग अटकलेल्याला कापायचं कशाला? धोटा ताण्यात अटकला तर आम्ही काय करतो? साचा हाताने मागे फिरवायचा, धागे न तोडता, हळूहळू मोकळा करायचा. येतो बाहेर. घाई केली तरच तुटतं."

धोटा म्हणजे मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा. आता मी काय बोलणार? मला धोट्यातलं कळत नव्हतं आणि वृषणातलंही. ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं. आणि मालिश करायला तर हे रोज बसतच होते. त्या दिवसापासून पाय झाले, पाठ झाली, की शेवटी जरा कोमट तेल घेऊन जांघेपासून खाली, जांघेपासून खाली, एका बोटाने, फुलाच्या पाकळीवरून फिरवावं तसं. मुलाला त्रास झाला असता तर मी करू दिलं नसतं. तो हसायचा.

आणि उन्हाळ्यात एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली. आवाज वेगळाच. "पीठ धुऊन ये. बोट लाव इथे."

मी बोट लावलं. उजव्या बाजूला, पिशवीच्या तोंडाशी, भिजलेल्या चण्याएवढं गोल, घट्ट काहीतरी. मी ह्यांच्याकडे बघितलं. मिल बंद झाल्यापासून हे असे हसले नव्हते. म्हणाले, "बघ. आला की नाही धोटा बाहेर? हात सोडत नाही मी, तू बघून घे नीट." सासूबाईंनाही बोलावलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, ह्यांनी कोपऱ्यावरून जिलेबी आणली. मी एवढी खुशीत होते की पापड जाड लाटले गेले.

संध्याकाळी लंगोट बदलला, उजवी बाजू सपाट.

"थंड वाऱ्याने गेली असेल वर," हे म्हणाले. आणि तेही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालिश केल्यावर पुन्हा हाताला लागली. पुन्हा गेली. असं रोज. रोज यायची म्हणून ह्यांचा भरवसा वाढत गेला, आणि रोज जायची म्हणून माझा कमी होत गेला. दोघं एकाच गोटीकडे बघत होतो.

मला तेव्हा दोन्ही गोष्टी एकसारख्या दिसायला लागल्या होत्या, पण बोलायची छाती झाली नाही. सकाळी फाटकावर जायचं, मिल सुरू होणार अशी बातमी आणायची. परत येऊन मालिश करायची, गोटी उतरणार अशी बातमी द्यायची. ज्याने एक सोडायची त्याला दुसरीही सोडावी लागली असती. माणसाला अशा वेळी बाजूला ढकलून चालत नाही. पण मुलगा चालायला लागला, दात आले, पहिला वाढदिवस होऊन थंडी सरली, दुसरा उन्हाळा गेला, आणि सर्जनचे शब्द माझ्या डोक्यात वाजायला लागले. दोन वर्षांचा व्हायच्या आत. मुलाची बाजू बोलणारी घरात मीच होते.

भांडून झालं नसतं. मी एका दुपारी म्हटलं, "अहो, तुम्ही कशी उतरवता ते त्या डॉक्टरांना कधी दाखवलं कुठे? मी जाऊन सांगते ते माझं सांगणं. तुम्ही दाखवा. त्यांना कळू तरी दे."

ह्यांनी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "हे बरोबर आहे. दाखवायला पाहिजे."

गेलो. सर्जननी आधी आपले हात कोमट पाण्यात धरले, पुसले, मुलाला उकिडवं बसवलं, तपासलं. हे बाजूला उभे. म्हणाले, "साहब, ये उतरती है. मैं रोज उतारता हूं."

मला वाटलं आता चिडतील. बाहेर बाकांवर ही गर्दी. पण त्यांनी स्टूल ओढून दिलं. "दिखाइए."

ह्यांनी तळहात एकमेकांवर चोळले, मुलाला निजवलं आणि जांघेपासून खाली, हळूहळू. सर्जन वाकून बघत होते. "हाथ अच्छा है आपका," ते म्हणाले. थोड्या वेळाने हे म्हणाले, "आ गई."

"हां, आ गई. अब छोड़ दीजिए."

ह्यांनी बोट काढलं. गोटी सरकन वर गेली, डोळ्यांदेखत.

"फिर से करूं?"

"करिए."

पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही सर्जननी करू दिलं. ह्याबद्दल मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, नर्सकडे बघून हसले नाहीत. घरात रोज मुलगा थोडं चालल्यावर किंवा लंगोट बदलताना ती गेलेली दिसायची, आणि मधे काय झालं ह्याला सतरा कारणं मिळायची. इथे बोट निघाल्याबरोबर गेली. कारणाला जागाच उरली नाही.

"काम क्या करते हैं आप?" सर्जननी विचारलं.

"साचे चलाता था." मग, "चलाता हूं. मिल बंद है अभी."

सर्जननी एक्स-रेचं रिकामं पाकीट ओढलं आणि पेनाने काढायला लागले. जे बोलले ते मी जन्मात विसरले नाही, कारण पुरुषाच्या अंगाबद्दल कोणी माझ्यासमोर इतकं सरळ, पुरणपोळीची कृती सांगावी तसं बोललं नव्हतं. म्हणाले, ही गोटी दगडासारखी भरीव नसते. आत केसाहून बारीक नळ्या असतात, गुंडाळी करून भरलेल्या. मोठ्या माणसाच्या काढून सरळ पसरल्या तर ह्या खोलीतून निघून बाहेर रस्त्यावर जातील. ह्या नळ्यांत बीज तयार होतं, वयात आल्यावर, रात्रंदिवस. गोटीच्या पाठीवर आणखी एक नळी आहे, तीही गुंडाळलेली. तिच्यात ते बीज पिकतं, पोहायला शिकतं.

"कांडी जैसी," हे हळूच म्हणाले. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती, सूत गुंडाळलेली.

"बिल्कुल कांडी जैसी. फिर वहां से एक लंबी नली ऊपर पेट में जाती है, पेशाब की थैली के पीछे. वहां दो छोटी थैलियां और एक गांठ अपना-अपना रस मिलाते हैं. तब जाकर बाहर. और दाढ़ी-मूंछ, भारी आवाज, उसका रस भी यही गोटी बनाती है, सीधे खून में डालती है."

ह्यांनी विचारलं, "तो अंदर ही रहे तो क्या बिगड़ता है? जगह तो बाहर से ज्यादा सलामत है."

"गरमी. पेट अंदर से गरम है, बीज को थोड़ी ठंडक चाहिए. इसीलिए तो बाहर लटकाया है. ठंड लगे तो थैली सिकुड़कर ऊपर ले लेती है, गरमी में ढीली छोड़ देती है. खुद संभालती है. अंदर पड़ी रही तो अंदर का कारखाना सूख जाएगा. और बड़े होकर कभी गांठ-वांठ हुई, तो नीचे हो तब हाथ को पता चलेगा. पेट में कौन देखेगा?"

हे मान हलवत होते. साचेखात्यात उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की धागे पटापट तुटतात, म्हणून वरून पाण्याची वाफ सोडायचे, हे मला लग्नापासून ऐकून माहीत. हवा बिघडली की काम बिघडतं, हे त्यांना कोणी वेगळं समजवायला नको होतं.

"रस्ता तो खुला है," सर्जन म्हणाले, "आपने ही दिखा दिया. अटकी नहीं है. इसकी डोरी छोटी है. नली और खून की नसें, सब एक डोरी में बंधी हैं, और डोरी आजू-बाजू चिपकी हुई है. जितना खींचोगे, छोड़ते ही वापस. उसको अंदर से छुड़ाकर लंबा करना पड़ेगा. बाहर से कोई हाथ नहीं कर सकता, मेरा भी नहीं."

मग ह्यांनी तो प्रश्न विचारला जो त्यांच्या पोटात वर्षभर होता. "वो नली कटेगी तो नहीं? नसबंदीवाली?"

"अरे भिया, उसी को बचाने में तो सारा टाइम जाता है."

ह्यांनी मुलाला उभं केलं, चड्डी घातली, नाडीची गाठ मारली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली. मग विचारलं, "कब लाऊं?"

घरी येताना टेम्पोत मुलाला मांडीवर घेऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धागा आखूड असेल तर साचा कितीही मागे फिरव."

ते एक्स-रेचं पाकीट मी मागून घेतलं होतं, सर्जननी देऊनही टाकलं. मुलगा पंधराचा झाला तेव्हा मी ते काढून बसले. ह्यांना म्हटलं होतं तुम्ही सांगा, तर हे सायकलची हवा भरायला गेले. मी म्हटलं, बस इथे, तुझं लहानपणी काय झालं आणि आत काय काय असतं ते सांगते. तो कानापर्यंत लाल. "आई, आमच्या बायोलॉजीत आहे सगळं." मी म्हटलं, बायोलॉजीत असेल, पण आंघोळीच्या वेळी अधूनमधून हात लावून बघायचं, गाठ लागली तर सांगायचं, हे लिहिलंय का तुझ्या बायोलॉजीत? नव्हतं लिहिलेलं. मग ऐकून घेतलं बिचाऱ्याने, चादरीच्या काठाकडे बघत. हल्ली तोच मला शब्द नीट वापर म्हणतो.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई आल्याच. मी नको म्हणत होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बेटम्याकडच्या खेड्यातली एक बाई आपल्या नातवाला घेऊन बसली होती, पदर तोंडावर घेऊन, कोणाशी बोलत नव्हती. मुलाला आत नेल्यावर सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. माझ्या कानावर पडत होतं, त्यांच्या त्या मराठी हिंदीत. "क्या हुआ है बच्चे को? गोटी नहीं उतरी? अरे, हमारे भी वोही. उजवी. तुम्हारी कौनसी? दोन्ही? कुछ नहीं होता. पेट में बनती है वो, तुमको मालूम है क्या, किडनी के पास..." आणि मग सगळं, कांडीपासून थंडाव्यापर्यंत, आम्ही दोघं घरी बोललेलं आणि सासूबाईंनी आतल्या खोलीतून ऐकलेलं. त्या बाईने पदर खाली केला. थोड्या वेळाने आणखी दोन बायका येऊन ऐकायला लागल्या. आमच्या घरची अब्रू त्या बाकावर उघड्यावर पडली होती, आणि सासूबाईच ती वाटत होत्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तेव्हा धरले नाहीत, इथे धरते.

हे दाराशी उभे. बसा म्हटलं तर बसेनात. आत कोणी दार ढकललं की हे आधी मागे सरायचे, मग पुढे.

सर्जन बाहेर आले तेव्हा टोपी काढून हातात घेतली होती. ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि बोटांनी दाखवलं. जांघेत इथे चीर दिली. डोरी आजूबाजूच्या पापुद्र्यांतून मोकळी केली. पोटाच्या आतल्या अस्तराची एक लहान पिशवी वरून उघडी राहिली होती, हर्निया झाला असता, ती बांधून टाकली. मग खाली पिशवीत खिसा केला आणि त्यात गोटी बसवून टाका घातला. "छोटी है दूसरी से, पर जिंदा है. रंग अच्छा है. आराम से पहुंच गई नीचे."

"और नली?"

"साबुत है, भिया."

ह्यांनी हात जोडले, आणि ते जोडलेले हात कपाळाला लावून तसेच उभे राहिले. सर्जननी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. बेटम्याकडच्या बाईचा नातू पुढचा होता.

टाके सुकले. काही दिवस मुलाने पाय फाकवून चालून घेतलं, गल्लीतली पोरं त्याला पहिलवान म्हणायला लागली. ह्यांनी त्या दिवसांत हात म्हणून लावला नाही. मालिश बंद होती, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सकाळी ह्यांना करायला काही नसे. फाटकावर जायचे, पण लवकर परत यायचे, आणि बातमी विचारली तर म्हणायचे, "काही नाही. तेच."

मग दाखवायला बोलावलं होतं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सर्जननी पुन्हा हात कोमट पाण्यात धरले. मुलाला उकिडवं बसवलं, उभं केलं, निजवलं. ह्यांना म्हणाले, "आप देखिए."

ह्यांनी हात चोळून गरम केले आणि एका बोटाने बघितलं. मग बोट काढलं. वाट बघितली. पुन्हा लावलं. गोटी होती तिथेच होती.

"बसलीय," ते मला म्हणाले. मराठीत. सर्जनना कळलं असावं.

"अब इसको कुछ नहीं करना है. न तेल, न मालिश, न खींचना. बाकी शरीर की करो जितनी करनी है. इसको छोड़ दो. ये अपना काम खुद करेगी."

"काम कब शुरू करेगी, साहब?"

"वो तो चौदह-पंद्रह का होगा तब. अभी बहुत टाइम है."

"बहुत टाइम है," हे म्हणाले. मुलाला कडेवर घेतलं. बाहेर पायऱ्या उतरताना म्हणाले, "तोवर त्याला वाढवायचं कोणीतरी." ह्यांनी आम्हाला टेम्पोत बसवलं, मुलगा माझ्या मांडीवर दिला आणि आपण चढले नाहीत. मी विचारलं, फाटकावर जाताय का? म्हणाले, "नाही. सियागंजात एक जण ताडपत्री शिवून घेतो म्हणतात. बघून येतो, हाताला जमण्यासारखं आहे का."

जमलं. पुढची कितीतरी वर्षं तेच केलं त्यांनी, आणि कधी कमी लेखून केलं नाही. मिल पुन्हा सुरू झाली नाही. मला त्या मिलबद्दलही वाईट बोलवत नाही. पंधरा वर्षं तिने आम्हाला खाऊ घातलं, आणि बंद पडून एका बापाला त्याच्या पोराच्या अंगाशी बसवलं. चालू असती तर हे त्या ओट्यावर बसले असते का, मला सांगा. आणि रोज हात लावून बघितलं नसतं, तर त्या दिवशी सर्जनच्या खोलीत बोट काढताना त्यांना काही कळलंही नसतं, नुसतं कोणीतरी सांगितलं असतं.

सियागंजला गेले त्या संध्याकाळी हे उशिरा आले. बोटांना ताडपत्रीचा काळा रंग आणि डांबरासारखा वास. मुलगा सवयीने ओट्यावर जाऊन आडवा पडला होता, तेलाची वाटी पायाने ढकलत. ह्यांनी हात दाखवले. "आज तू कर."

मी पापडाचं पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि पाय पसरून बसले. हे उंबऱ्यावर बसून सांगत होते. "गुडघ्याच्या मागून घे. एवढं घाबरू नकोस." पाठ झाली, हात झाले, पाय झाले. बाकीचं सर्जननी सांगितलं होतं तसं सोडून दिलं.